खानापूरहून कोल्हापूरला न्यायच्या आधी

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: खानापूर तालुक्यात खेड्यावर राहता. धाकटा भाऊ वर्षभर घराबाहेर पडत नाही, रात्र रात्र जागा असतो, एकटाच पुटपुटतो. आई खचलीय, आणि वडिलांच्या दारूचीही एक ओळ आहे. मराठीत बोलणारा डॉक्टर आणि घरच्यांनाही धीर देईल असं कुणी इकडे आहे का, की सरळ कोल्हापूर गाठावं?

मी डॉक्टर नाही. बेळगावच्या पश्चिम भागातल्या एका गावात राहते आणि माझ्या धाकट्या भावाला घेऊन नऊ वर्षं या वाटा तुडवतेय. बेळगावच्या उद्यमबागेत, कारखान्यांच्या वसाहतीत, लेथवर होता तो, हात चांगला होता. त्याला स्किझोफ्रेनिया आहे, म्हणजे नसलेले आवाज ऐकू येतात, नसते संशय येतात असा मनाचा आजार. तुमच्या भावाला काय आहे ते डॉक्टरच सांगतील, मी फक्त दारं दाखवते.

आधी कोल्हापूरचं. आम्हीही पहिल्यांदा तिकडेच धावलो. मराठी डॉक्टर, आपली माणसं, आणि खरं सांगायचं तर गावात कुणाला कळू नये म्हणून. डॉक्टर चांगलेच होते. पण हा आजार एका खेपेचा नाही. दर महिन्याला त्याला पहाटे उठवा, आंघोळीला लावा, शंभर-सव्वाशे किलोमीटर न्या, आणि त्याच दिवशी परत आणा. चौथ्या महिन्यात भाताची लावणी आली, एक खेप चुकली, गोळ्या संपल्या. दोन-तीन आठवड्यांत तो पुन्हा भिंतीशी भांडायला लागला. तेव्हापासून माझा हिशोब बदलला. डॉक्टर किती मोठा हे नंतर, त्याच्या दारात दर महिन्याला, भर पावसातसुद्धा, पोचता येईल का हे आधी.

तुम्हाला सगळ्यात जवळचं दार खानापूरच्या तालुका हॉस्पिटलचं. कर्नाटक सरकारचा मनोचैतन्य म्हणून कार्यक्रम आहे, २०१४ सालचा. त्यात मानसोपचाराचे डॉक्टर मंगळवारी तालुक्याच्या ठिकाणी येतात. वार आणि वेळ आधी आशाताईंकडून नाहीतर प्राथमिक आरोग्य केंद्रातून विचारून घ्या, उगाच खेप नको. बाहेर मोठा फलक शोधू नका, केसपेपरच्या खिडकीवर ‘मानसिक विभागाचा डॉक्टर कधी’ एवढंच विचारा. मनोचैतन्य हा ‘जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम’ नावाच्या सरकारी योजनेचा भाग आहे. ती आता देशभर चालते, पण तिचा पहिला प्रयोग आपल्याच राज्यात, बळ्ळारी जिल्ह्यात झाला होता. म्हणजे ही सोय परकी नाही, फक्त तिचा गाजावाजा नाही.

त्यानंतर बेळगाव. आपलं सिव्हिल, म्हणजे आता बिम्स हे सरकारी मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल, आणि नेहरूनगरचं केएलई हॉस्पिटल, दोन्हीकडे मानसोपचार विभाग आहे. आम्ही सिव्हिलला स्थिरावलो, कारण गोळ्या तिथेच मिळतात आणि बसस्टँडवरून लांब पडत नाही.

आणि धारवाड. तिथलं जुनं मानसिक रुग्णालय, आताचं डिमहान्स, बेळगाव रोडवरच आहे. बेळगावपासून पाऊणशे-ऐंशी किलोमीटर. भरती करायची वेळ आली, किंवा इथल्या गोळ्यांनी फरकच पडला नाही, तर तिकडे जावं लागतं. डॉक्टरांसोबत मानसशास्त्रज्ञ आणि समाजसेवकही तिथे असतात, घरच्यांशी बोलणं हे त्यांच्या कामातच येतं. आमच्याकडे धारवाडचं नाव नुसतं शिवीसारखं वापरतात, ‘तुला धारवाडला घालाय पाहिजे’ म्हणून. मीही लहानपणी म्हटलंय. भावाला घेऊन पहिल्यांदा त्या फाटकातून आत गेले तेव्हा ते सगळं आठवलं. आत काय होतं? झाडं, बाकं, आणि आपल्यासारखीच डबा घेऊन बसलेली माणसं.

एक बाईमाणसाचा हिशोबही सांगते. शक्ती योजनेमुळे कर्नाटकातल्या साध्या सरकारी बसमध्ये बायकांना तिकीट नाही, ओळखपत्र दाखवलं की झालं. म्हणजे धारवाडला त्याच्याबरोबर तुमची आई किंवा बहीण गेली तर त्याच्या एकट्याचं तिकीट. कोल्हापूरला जाणाऱ्या, म्हणजे राज्याबाहेरच्या बसला ही योजना लागू नाही. महिन्यामागून महिने जायचं असतं तेव्हा हे बारीक राहत नाही.

आता भाषेचं, कारण तुमच्या प्रश्नात खरी भीती तीच दिसतेय.

सुरुवातीच्या दिवसांत एका दवाखान्यात (नाव नको) एक तरुण डॉक्टर होते, दक्षिणेकडचे. कन्नड उत्तम, मराठी शून्य. भाऊ म्हणाला, ‘डोक्यात गलका असतो.’ मी माझी हिंदी लावली, ‘सर में बहुत आवाज होता है.’ त्यांनी आम्हाला कानाच्या विभागात पाठवलं. अर्धा दिवस तिथल्या रांगेत गेला, कानातला मळ निघाला आणि आम्ही घरी आलो. आज हसू येतं, त्या दिवशी आलं नव्हतं.

पण त्याहून मोठी गोष्ट मला फार उशिरा कळली. पुढे एक मराठी येणारा पुरुष परिचारक भेटला. त्याने मला सरळ बाहेर बसायला सांगितलं आणि भावाशी दहा मिनिटं बोलला. आतून बाहेर आलं ते हे: मी त्याच्या आमटीत काहीतरी कालवते, असं ते आवाज त्याला सांगत होते. दोन वर्षं तो माझ्या हातचं का खात नव्हता, ते त्या दिवशी कळलं. आणि दोन वर्षं दुभाषी कोण होतं? मीच. माझ्या तोंडून तो हे डॉक्टरांना कसं सांगणार होता?

म्हणून घरचं माणूस दुभाषी ठेवू नका. केसपेपर काढतानाच सांगा, ‘कन्नड बरंगिल्ल री (कन्नड येत नाही हो), मराठी येणारं कोणी द्या.’ बेळगाव-खानापूरच्या सरकारी दवाखान्यात सिस्टर, वॉर्डबॉय, फार्मसीतला माणूस, कोणी ना कोणी मराठी निघतंच. लाजू नका आणि भांडूही नका. सीमाप्रश्न केसपेपरच्या खिडकीवर सुटत नाही, तिथे गोड बोललं की काम होतं. डॉक्टरांना विनंती करा की पाच मिनिटं त्याला एकट्याला भेटा आणि पाच मिनिटं आम्हाला.

शिवाय घरून एका कागदावर लिहून न्या. ‘डोकं फिरलंय’ असं नको. काय दिसतं ते लिहा: किती वाजता झोपतो, किती वाजता उठतो, जेवण किती, आंघोळ किती दिवसांनी, पुटपुटणं कधीपासून, त्याच्या आधी काही घडलं होतं का, दारू-गांजा आहे का, घराण्यात आणखी कुणाला होतं का. गावातल्या कॉलेजच्या पोराकडून ते हिंदीत किंवा इंग्रजीत उतरवून घ्या, नाव न घालता. आमचा तो एक कागद नऊ वर्षं फायलीत आहे. डॉक्टर बदलले की तोच पुढे करते.

फोनवर मराठीत बोलायचं असेल तर टेलिमानस, १४४१६. मानसिक त्रासासाठी केंद्र सरकारची सेवा, फुकट, दिवसरात्र. फोन लागल्यावर भाषा निवडायला मिळते. भाऊ नाही बोलला तरी चालेल, आधी तुम्ही बोला. मी तर रात्री दीड वाजता गोठ्यात उभी राहून बोललेय, घरात आवाज जाऊ नये म्हणून. पलीकडच्या बाईंनी पहिला प्रश्न विचारला, ‘तुम्ही जेवलात का?’ मला उत्तरच देता येईना.

घरात कुणीतरी देवरशाकडे न्या म्हणणारच. आमच्या काकांनी सौंदत्तीला दोनदा नेलं, एकदा मीही गेले. यल्लम्मावर माझा राग नाही, आईला तिथून आल्यावर आठवडाभर बरं वाटायचं हे मी बघितलंय. भांडण फक्त एकाच गोष्टीवर केलं, ‘आता गोळ्या बंद करा’ या वाक्यावर. जत्रेला जा, ओटी भरा, पण गोळीचा डबा पिशवीत असू दे. आणि कुणी बांधून ठेवायला, मारायला किंवा उपाशी ठेवायला सांगितलं तर तिथून उठा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने साखळीने बांधण्यावर बंदी घातलीय.

गोळ्यांचं थोडं. लगेच गुण येत नाही, काही आठवडे जातात. आधी सुस्ती येते, काही गोळ्यांनी वजन वाढतं, हात थरथरतात. आई म्हणेल, ‘पोरगं नुसतं झोपून राहिलंय, बंद करा.’ आपल्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांना सांगा, ते बदलून देतात. गोळी तोंडात धरून थुंकत असेल (आमचा दीड वर्ष थुंकत होता, परसातल्या अळूत सापडल्या) तर काही आठवड्यांनी एकदा घ्यायचं इंजेक्शन असतं, त्याबद्दल विचारा.

भाऊ यायलाच तयार नसेल तर? पहिल्या खेपेला तुम्ही एकटे जा. पेशंटशिवाय औषध देणार नाहीत, पण कसं आणायचं ते सांगतात. ‘झोप येत नाही ना, झोपेचं बघून येऊ’ म्हटलं की माझा भाऊ आला. हे खोटं नव्हतं, झोप खरंच नव्हती. अगदीच हाताबाहेर गेलं तर २०१७ च्या त्याच कायद्यात आधारासह भरतीची सोय आहे: नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे पेशंटच्या वतीने बोलणारं माणूस, अर्ज करतो, दोन तज्ज्ञ वेगवेगळं तपासतात, आणि आधी जास्तीत जास्त ३० दिवस ठेवतात.

मरायच्या गोष्टी बोलायला लागला तर थांबू नका, त्याच दिवशी न्या. १०८ ला फोन करा, किंवा दुसरी गाडी मिळेल ती घ्या. त्याच्याआधी शेतावर फवारायचं औषध घरात असेल तर ते शेजाऱ्याकडे ठेवून या. ‘पोलीस केस होईल’ म्हणून लपवतात लोक. पण त्याच कायद्याने असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं धरायचं आणि त्याला शिक्षा करायची नाही असं सांगितलंय, उलट त्याला उपचार देणं सरकारचं काम ठरवलंय.

घरच्यांना आधार हा तुमच्या प्रश्नातला भाग बहुतेक जण सोडून देतात. तुमच्या आईचा वेगळा केसपेपर काढा. खरंच. माझ्या आईची छातीत धडधड, पाठदुखी, रडू, हे सगळं आम्ही ‘त्याच्यामुळे’ म्हणून सोडून दिलं होतं. तिलाही उपचाराची गरज होती, आणि सहा महिन्यांच्या गोळ्यांनी ती निदान झोपू लागली. पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन ही संस्था कुटुंबांचे स्वमदत गट चालवते, मराठीत. आपल्याला पुणं लांब. आमचा गट सिव्हिलच्या बाकावर जमला: नंबर येईपर्यंत शेजारी बसलेल्या तीन बायका, एक चंदगडकडची, दोन बेळगावच्या. आता व्हॉट्सअ‍ॅपवर ‘गोळी घेतली का’ एवढंच विचारतो एकमेकींना, कधी काही नुसतं ओरडून टाकतो. तुम्हीही बाकावर शेजारी कोण बसलंय ते बघा.

वडिलांच्या दारूचं तुम्ही एका ओळीत लिहिलंय, पण मला ते वाचून जास्त काळजी वाटली. व्यसनासाठी १४४४६ हा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे. मारहाण होत असेल तर ११२, आणि बायकांसाठी १८१. कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली तक्रार घ्यायची जबाबदारी आपल्याकडे तालुक्याच्या सीडीपीओ (बालविकास प्रकल्प अधिकारी) ऑफिसवर असते, अंगणवाड्या ज्यांच्याकडे असतात तेच. अंगणवाडीच्या बाईंना पत्ता ठाऊक असतो. कोर्टकचेरीची वेळ आलीच तर कायदा सेवा समितीकडून बायकांना आणि मानसिक आजार असलेल्यांना उत्पन्न न बघता फुकट वकील मिळतो, फोन १५१००.

पुढे कधीतरी, वर्षभर उपचार घेऊनही तो कामाला लागू शकला नाही, तर अपंगत्वाचं युडीआयडी कार्ड काढता येतं. २०१६ च्या कायद्यात मानसिक आजारही धरलाय. बहुतेक सवलतींना निदान चाळीस टक्के अपंगत्व लागतं. आम्ही ते काढायला चार वर्षं लावली, ‘शिक्का बसेल’ म्हणून. घाई नाही, पण केसपेपर फाडू नका, तेव्हा तेच लागतात.

पहिल्या दिवशी आधार, रेशन कार्ड आणि त्यांची झेरॉक्स, जुन्या चिठ्ठ्या, तो कागद, आणि सध्या चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं घ्या. भावाला खिडकीजवळची सीट द्या, गर्दीत माझा भाऊ बिथरतो म्हणून सांगते. नंबर यायला कधी कधी दुपार होते, तेव्हा डबा न्या, आणि त्याला आवडतं तेच घाला.