सगळी फी लोननेच भरू का?

प्रश्न: मुलीला युनिव्हर्सिटीत अॅडमिशन मिळालीये पण फीचा आकडा बघून झोपच उडाली. पूर्ण रकमेचं लोन काढून टाकू का, म्हणजे कटकट नको?

उत्तर: ताई, थांबा जरा, लोन सगळ्यात शेवटी. आधी स्कॉलरशिप आणि ग्रँटसाठी अर्ज करा, ते पैसे परत द्यायचे नसतात. स्कॉलरशिप बहुतेकदा मार्कांवर, ग्रँट घरची परिस्थिती बघून. फक्त पहिल्या वर्षी मिळाली म्हणजे दरवर्षी मिळेलच असं नाही हं, अटी आधीच विचारा. उरेल तेवढंच लोन घ्या.

हप्ते शिक्षण संपल्यावर सुरू होतात म्हणून लोक निवांत बसतात, पण बऱ्याच लोनमध्ये व्याज पैसे हातात आल्यापासूनच चढत असतं, समजा 1 लाख 10 टक्क्यांनी घेतले आणि 4 वर्षं काहीच भरलं नाही तर साध्या व्याजानेच 40 हजार झाले, ते मुद्दलात मिसळले की पुढे त्यावरही व्याज. जमलं तर नुसतं व्याज तरी दरमहा भरत रहा. आणि जामीनदार तुम्ही असाल तर तिचे हप्ते थकल्यावर बँक तुमच्याच दारात येणार, हे घरात कुणी बोलत नाही, तुम्ही सहीच्या आधी बोला.