परदेशी जाण्याआधी बँकेला कळवलं की कार्ड चालतं का?

नुसतं कळवून भागत नाही. रिझर्व्ह बँकेच्या 2020च्या नियमानुसार नवं कार्ड भारतापुरतंच चालू असतं. परदेशातला वापर बँकेच्या अ‍ॅपमधून आपणच सुरू करायचा. एटीएम, दुकानातलं मशीन, ऑनलाइन, सगळ्यांची बटणं वेगळी.

मी बडोद्यात दांडिया बाजारातल्या शाखेत रीतसर अर्ज दिला, शिक्का मारून पोचही घेतली (हौस!), आणि लिस्बनला मेट्रोच्या तिकीट मशीनने कार्ड तीनदा नाकारलं. मागे ही रांग! शेवटी बायकोच्या कार्डावर निभावलं. तिने निघण्याआधीच घरी बसून बटणं दाबली होती.

ओटीपीसाठी इथलं सिम रोमिंगवर चालू ठेवा. मशीनने रुपये की युरो विचारलं तर युरोच निवडा, रुपयांतला दर सहसा महाग पडतो.