स्टिअरिंगची एअरबॅग बदलण्याआधी हॉर्नकडे लक्ष द्या

तुम्ही लिहिलंय की सेकंडहँड गाडीत एअरबॅगचा दिवा विझत नाही, हॉर्नही कधी वाजतो, कधी नाही. मेकॅनिक म्हणतो एअरबॅग गेली, कुर्ल्याच्या भंगार बाजारातून जुनी आणून बसवतो. मी ऑटो इलेक्ट्रिशियन आहे. हॉर्नचं वाचल्यावर माझा पहिला संशय एअरबॅगवर नाही, क्लॉक स्प्रिंगवर जातो.

स्टिअरिंग गोल फिरतं, पण त्यातल्या एअरबॅगपर्यंत वायर तर गेलीच पाहिजे. म्हणून चाकामागे एका चपट्या प्लास्टिकच्या डबीत रिबनसारखी पट्टी गुंडाळलेली असते, चाक वळेल तशी ती आवळते नि सैल होते. हीच क्लॉक स्प्रिंग. काही वर्षांनी ती तुटते. बहुतेक गाड्यांत हॉर्न आणि स्टिअरिंगवरची बटणं हिच्यातूनच चालतात, त्यामुळे दिवा आणि हॉर्न एकदम रुसले की दोष बहुधा इथेच असतो. स्कॅनर मात्र ‘ड्रायव्हर एअरबॅग सर्किट’ एवढंच दाखवतो, आणि ते वाचून लोक थेट एअरबॅगच बदलायला निघतात. न उडालेली, म्हणजे अपघातात न फुगलेली एअरबॅग आपणहून बिघडणं तसं दुर्मीळ.

खात्री करायला गॅरेजवाले एअरबॅगच्या जागी साधारण 2 ओहमचा रेझिस्टर (विजेला एअरबॅगइतकाच अडथळा करणारा छोटा भाग) लावून स्कॅनरवर दोषाचा कोड पुन्हा बघतात. दोष तसाच राहिला तर बहुधा क्लॉक स्प्रिंग खराब. एअरबॅगला स्वतः मल्टिमीटर लावायला कुणाला देऊ नका, मीटरच्या करंटनेही ती उडू शकते.

याच रेझिस्टरने फसवाफसवीही चालते. एअरबॅग उडालेली असते, वरचं कव्हर चिकटवून आत रेझिस्टर टाकतात आणि दिवा शहाण्यासारखा विझतो. काही जण दिव्याची वायरच काढतात. किल्ली फिरवल्यावर तो काही सेकंद पेटून विझला पाहिजे. पेटलाच नाही तर कुणीतरी हात मारलाय समजा. तुमचा पेटलेला राहतोय, म्हणजे निदान दिव्याची वायर तरी कुणी काढलेली नाही.

स्टिअरिंग उघडल्यावर एअरबॅग खरंच उडालेली निघाली, तर खर्च तिच्यावर थांबत नाही. सीटबेल्टचे प्रीटेन्शनर (धडकेत पट्टा झटकन आवळणारे भाग) बहुधा सोबतच उडालेले असतात, एअरबॅगच्या कंट्रोल युनिटमध्ये अपघाताची नोंद बसलेली असते. पुढे कधी क्लेम करायची वेळ आली तर लक्षात असू द्या, साध्या पॉलिसीत एअरबॅगवर 50 टक्के घसारा कापतात, झीरो डेप (घसारा न कापणारी) पॉलिसी असेल तर वाचलात.

जुनी एअरबॅग मात्र अजिबात नको. ती पुरातल्या गाडीची आहे की चोरीच्या, तुम्हाला कळणार नाही. ताकाता कंपनीचं प्रकरण आठवत असेल. त्यांच्या इन्फ्लेटरमधलं अमोनियम नायट्रेट वर्षानुवर्षांच्या उष्ण, दमट हवेने खराब व्हायचं आणि एअरबॅग उडताना धातूचे तुकडे अंगावर यायचे. माणसं मेली, 2017 मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. होंडाने भारतातही सिटी, जॅझ, सिव्हिक परत बोलावल्या होत्या. मुंबईच्या दमट हवेत वर्षं काढलेल्या गाडीची एअरबॅग भंगारातून घेणं म्हणजे पैसे देऊन ही जोखीम विकत घेणं. तुमच्या गाडीचाही चासी नंबर कंपनीच्या साइटवर टाकून बघा. रिकॉल निघाला तर तो भाग फुकट बदलून मिळतो.

घरी करता येईल का विचारलंत. करू नका, पण मेकॅनिक करत असेल तर शेजारी उभे राहा. पुढची चाकं सरळ हवीत. बॅटरीची निगेटिव्ह काढल्यावर किमान तीन मिनिटं थांबायला सांगा, कारण युनिटमधल्या कपॅसिटरमध्ये चार्ज उरलेला असतो. एअरबॅगचे कनेक्टर पिवळे असतात, ते हिसडून काढू नयेत. काढलेली एअरबॅग टेबलावर कव्हरची बाजू वर करूनच ठेवायची. पालथी ठेवली आणि उडाली तर अख्खा डबाच छताला जाईल. नवी क्लॉक स्प्रिंग मधोमध लॉक करून येते, ती बसवायच्या आधी कुणी गंमत म्हणून फिरवली तर पहिल्या पूर्ण वळणावरच तुटते. काम झाल्यावर पहिल्यांदा किल्ली देताना सीटवर कुणी बसू नये, हात बाहेरूनच घालावा.

मेकॅनिककडून आधी स्कॅनरचा कोड नंबर लिहून घ्या. तो आणि गाडीचं मॉडेल, साल इथे टाकलंत तर नेमकं कुठला पार्ट मागवायचा ते सांगतो.