कृत्रिम ससा खोटा नसतो

प्रश्न आला आहे: ‘बायोआर्टला मराठीत जैवकला म्हणावं की जीवकला? आणि अल्बाला “कृत्रिम ससा” म्हटलेलं चालेल का?’

जैवकला म्हणा, म्हणजे रंग-मातीऐवजी जिवंत पेशी किंवा प्राणी घेऊन केलेली कला. जैवइंधन, जैवतंत्रज्ञान रुळलेत, त्यांच्याच पंगतीत हाही बसेल. आता दुसऱ्या प्रश्नाकडे, म्हणजे जेलीफिशचं जनुक घातलेल्या अल्बा नावाच्या सशीकडे येतो, कारण ‘कृत्रिम म्हणजे नकली’ हे ऐकून माझे कान किटले आहेत. विसर्जनाच्या कृत्रिम तलावात पाय घालून बघा, कोरडा राहतो का! कृत्रिम रेतनातून झालेली कालवड बादलीला लाथ मारते तेव्हा दूध खरोखरीच सांडतं.

पाणिनीचं सूत्र आहे ‘ड्वितः क्त्रिः’. ज्या धातूंना ‘डु’ची खूण आहे त्यांना हा क्त्रि प्रत्यय लागतो आणि त्यापुढे ‘म’ येतोच येतो. शिजवून झालेलं ते पक्त्रिम, पेरून झालेलं ते उप्त्रिम, करून झालेलं ते कृत्रिम. यात फसवणूक कुठे आहे? मनुस्मृतीत (तिच्यात बाकी काय काय आहे ते ठाऊक आहे, इथे शब्दापुरतं बघतोय) कृत्रिम नावाचा पुत्रच आहे. पोटचा नव्हे, आपलासा ‘केलेला’. आणि ज्या सहा पुत्रांना वारसा मिळतो त्यांत तो बसतो. म्हणजे जो कृत्रिम, त्याचा घरावर हक्क!

आमचे एक जाणते स्नेही म्हणतात, संस्कृतातही कृत्रिमला ‘बनावट’ हा अर्थ आहे, उगाच शब्द धुऊन काढू नकोस. आहेच की. पण मग बनावटचं काय? बनावट नोटा खोट्या आणि भारतीय बनावटीची पाणबुडी खरी, हे त्यांनी मला समजावून सांगावं. शब्दाची एकच बाजू बघायची आणि वर कोशाचा धाक घालायचा!

तर अल्बा. 2000 साली एदुआर्दो कॅट्स या कलावंताने ती जगापुढे आणली. फ्रान्समधल्या सरकारी प्रयोगशाळेतली पांढरी सशी, अंगात जेलीफिशचं जनुक, निळ्या उजेडात हिरवी चमकणारी. ती आपल्यासाठी घडवली असं कॅट्स म्हणत, तर असे ससे आमच्याकडे आधीपासूनच होते असं तिथले शास्त्रज्ञ. तिला शिकागोला घरी न्यायचं, कुटुंबात वाढवायचं, हा कॅट्स यांच्या कलाकृतीचाच भाग होता. प्रयोगशाळेने सोडली नाही. मला विचाराल तर चमकणं ही निव्वळ जत्रेतली करामत, घरी नेण्याचा हट्ट मात्र मोलाचा. केलंस ना, मग सांभाळ. मनूच्या अर्थाने अल्बा शंभर टक्के कृत्रिम, फक्त तिला घर मिळालं नाही.

उप्त्रिमचंही उदाहरण आहे. ओरॉन कॅट्स (हे वेगळे कॅट्स) आणि आयोनाट झुर या कलावंतांनी उंदराच्या पेशी वाढवून बोटभर कोट केला. नाव काय, तर बळी न घेता मिळवलेलं चामडं. 2008 साली न्यूयॉर्कच्या मोमा या आधुनिक कलेच्या संग्रहालयात तो इतका फोफावला की बाही सुटायला लागली आणि शेवटी त्याचं पोषण तोडावं लागलं. आता याला ‘बंद केला’ म्हणायचं की ‘मारला’? मी दोनदा लिहून दोनदा खोडलं. कुणाला तिसरं क्रियापद सुचत असेल तर कळवा.