मालगुजार गेला, तलाव कोणाचा?

प्रश्न : पोळ्याच्या संध्याकाळी बैल घरी नेल्यावर आम्ही मंडळी मारुतीच्या पारावर बसलो होतो. ‘एक खंबीर माणूस वर बसल्याशिवाय देश सुधारत नाही,’ असे बरेच जण म्हणत होते. माझा अकरावीतला मुलगा म्हणाला, फ्रान्समध्ये जनतेने क्रांती केली म्हणून सगळे बदलले. पण त्याच फ्रान्समध्ये पंधरा वर्षांत नेपोलियन सम्राट झाला, मग क्रांतीने मिळवले काय? देश नेमका कशाने बदलतो?
— एक धान उत्पादक शेतकरी, लाखांदूर तालुका, जि. भंडारा

उत्तर : पंधरा वर्षांचा आपला हिशेब बरोबर आहे. १७८९ मध्ये क्रांती झाली आणि १८०४ मध्ये नेपोलियनने डोक्यावर मुकुट चढवला. परंतु राजमुकुट परत आला म्हणजे सगळे मूळ पदावर आले, असे झाले नाही. ४ ऑगस्ट १७८९ च्या रात्री राष्ट्रीय सभेने सरंजामदारांचे विशेषाधिकार संपवण्याचा ठराव केला, त्याच वर्षी चर्चच्या जमिनी राष्ट्राच्या ठरवून पुढे त्या विक्रीला काढल्या आणि १७९० मध्ये जुने प्रांत मोडून ८३ विभाग आखले. नेपोलियनने १७९९ मध्ये सत्ता बळकावली, पण हे विभाग मोडले नाहीत. उलट १८०० मध्ये प्रत्येक विभागावर त्याने स्वतः नेमलेला प्रीफेक्ट बसवला. आपल्याकडचा जिल्हाधिकारी डोळ्यांपुढे आणला की या पदाची ताकद ध्यानात येते. कायद्यापुढे सर्व नागरिक समान, हे क्रांतीचे तत्त्व त्याने १८०४ च्या नागरी संहितेत पक्के केले, मात्र त्याच संहितेने विवाहित स्त्रीला नवऱ्याच्या आज्ञेत ठेवले आणि पॅरिसच्या ७३ वृत्तपत्रांपैकी ६० त्याने आधीच बंद पाडली होती.

१८१४ मध्ये जुन्या घराण्याचा राजा परत आला, तेव्हा त्याला चर्चच्या विकल्या गेलेल्या जमिनी खरेदीदारांकडेच राहतील, असे सनदेत लिहून द्यावे लागले. ज्यांच्या हाती खरेदीचे कागद होते आणि जे त्या जमिनी कसत होते, त्यांना हात लावण्याची हिंमत त्याला झाली नाही. संहिता राहिली, प्रीफेक्टही राहिले. क्रांतीच्या घोषणांपैकी किती टिकल्या यावर पंडित वाद घालोत, पण जे सामान्य माणसाच्या नावावर चढले ते टिकले, असे माझे मत आहे.

आता आपल्या मातीतली एक क्रांती सांगतो, कारण आपल्या जिल्ह्यात ती रक्त न सांडता झाली आणि तिची दोन्ही अंगे मी घरातून पाहिली आहेत. इंग्रजांनी १८६० च्या दशकातील जमीन महसुलाच्या बंदोबस्तात नागपूर, भंडारा, चांदा (आजचे चंद्रपूर) या भागांत गावचा सारा गोळा करणाऱ्यांनाच गावाचे मालक करून टाकले. हेच मालगुजार. वऱ्हाडात मात्र रयतवारी आली, म्हणजे शेतकऱ्याने सारा थेट सरकारात भरायचा. सरकारच्या एका निर्णयाने शेजारशेजारच्या गावांचे दैव वेगळे झाले. पुढे मध्य प्रदेशच्या (तेव्हा आपला भाग त्याच राज्यात होता) विधिमंडळाने १९५० मध्ये मालकी हक्क निर्मूलनाचा कायदा मंजूर केला आणि ३१ मार्च १९५१ पासून मालगुजारी संपली. माझ्या आजोबांनी मालगुजाराच्या वाड्यावर बेगार केली होती. स्वतःच्या बांधीत रोवणी बाकी असताना आधी त्याची रोवणी उरकून द्यावी लागे. त्यामुळे ‘आता सरकार आणि आपण, मधे कोणी नाही’ हे वाक्य ते शेवटपर्यंत अभिमानाने उच्चारत.

पण मालगुजाराकडे जाचाबरोबर एक कामही होते. गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजाने आणि इतरांनी बांधलेले हजारो तलाव पूर्व विदर्भात आहेत. पावसाळ्यापूर्वी पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, माती चढवणे, सांडवा दुरुस्त करणे, पाटातला गाळ काढणे ही कामे मालगुजार गावाकडून करून घेत असे. कायद्याने तलाव सरकारजमा झाले, ‘माजी मालगुजारी’चे लोकांनी ‘मामा तलाव’ केले, आणि पाळीवर माती चढवणारा हात मात्र नेमका कोणाचा, हे सैल राहिले. गेल्या ज्येष्ठात मी आमच्या गावच्या तलावावर उभा होतो. पळसाच्या मुळ्यांनी पाळ फोडली आहे, तलावाच्या निम्म्या पोटात बेशरमाची झुडपे माजली आहेत, आणि सांडव्याचे दगड खाली शेतात पडलेले आहेत. अर्ज घेऊन गावकरी एका कचेरीत गेले तर त्यांना दुसरीकडे पाठवले गेले, तिथून पुन्हा पहिलीकडे.

म्हणून मालगुजार परत हवा, असे मी मुळीच म्हणत नाही, तो गेला हे उत्तमच झाले. जुना सत्ताधीश दूर करताना त्याचे अधिकार कोणाला द्यायचे यावर खूप खल होतो, पण त्याची रोजची कामे कोणी करायची हे ठरवायला कोणालाच उसंत नसते, आणि राजवटी नेमक्या तिथे कच्च्या राहतात.

पारावरच्या मंडळींच्या खंबीर माणसाविषयीही लिहायला हवे. रशियातील १९१७ च्या क्रांतीने जमीनदारांच्या जमिनी शेतकऱ्यांच्या हाती आल्या. १९२९ पासून स्टालिनने त्याच जमिनी सामूहिक शेतीत ओढल्या, धान्याची सक्तीची वसुली लावली, आणि १९३२-३३ च्या दुष्काळात लाखो माणसे अन्नावाचून मेली. स्टालिन खंबीर नव्हता असे कोण म्हणेल? गावात दाणा उरलेला नाही, असे वर कळवणारा अधिकारी क्रांतीचा शत्रू ठरत होता, म्हणून वसुली थांबली नाही. आपल्या तलावाचा अर्ज दोन कचेऱ्यांत फिरतो याचा मला संताप येतो, तरीही ग्रामसभेत उभे राहून तो संताप बोलता येतो आणि बोलणारा रात्री आपल्या घरी झोपतो. हा फरक लहान मानू नये.

प्रश्न : तुर्कस्तानात मुस्तफा कमाल यांनी एका फटक्यात लिपी बदलली. लोकशाहीत इतका मोठा बदल होऊ शकतो का?
— एक विद्यार्थिनी, आर्वी, जि. वर्धा

उत्तर : होऊ शकतो, पण त्याला वेळ लागतो. १९२३ मध्ये प्रजासत्ताक, १९२४ मध्ये खिलाफतीचा अंत आणि नोव्हेंबर १९२८ मध्ये अरबी लिपीऐवजी लॅटिन लिपीचा कायदा, असा कमाल यांचा वेग होता. नवी पुस्तके १ जानेवारी १९२९ पासून नव्या लिपीतच छापणे सक्तीचे झाले. त्या देशात साक्षरता फार कमी होती, म्हणून मुलांना नवी लिपी शिकवणे सोपे गेले, परंतु आजोबांची पत्रे नातवाला परकी झाली. आपल्याकडे मोडी लिपी कोणा हुकूमशहाच्या फर्मानाशिवाय, छपाई आणि शाळा यांच्या रेट्याने हळूहळू मागे पडली. तरी जुन्या जमिनीचा मोडी कागद ट्रंकेतून निघाला की आपणही वाचणाऱ्याच्या शोधात फिरतोच.

कमाल १९३८ मध्ये वारले. त्यांच्या कामाची खरी परीक्षा मला १९५० च्या मे महिन्यात झालेली दिसते. त्यांनी स्थापन केलेला पक्ष तेव्हा निवडणूक हरला, आणि त्यांचे जुने सहकारी इस्मत इनोनू यांनी सत्ता विरोधकांच्या हाती शांतपणे सोपवली.