कन्सेंट टर्म्सवर सही झाली म्हणून मुलीच्या ताब्याचा विषय बंद होत नाही

मुलीला भेटण्याच्या ठरलेल्या अटी आता बदलता येतील का, असं एका वडिलांनी विचारलंय. त्यांना हे उत्तर. 2021 मध्ये तुमचा परस्परसंमतीने घटस्फोट झाला तेव्हा मुलगी चार वर्षांची होती. दोघांनी मान्य करून कोर्टात दिलेल्या अटींत, म्हणजे कन्सेंट टर्म्समध्ये, ताबा आईकडे आणि तुम्हाला महिन्यातून दोन शनिवार, दोन-दोन तास भेट. आता आई नोकरीसाठी पुण्याहून नाशिकला निघाली आहे, आणि नातेवाईक म्हणतात, सही केलीस, आता काही होणार नाही. ते चुकीचं सांगताहेत. मी पलीकडच्या बाजूची आहे. मुलाला घेऊन दुसऱ्या शहरात जाण्यासाठी भेटीच्या अटी बदलून मागितलेली आई. म्हणून सविस्तर लिहिते.

हिंदू विवाह कायद्याच्या कलम 26 मध्ये स्पष्ट आहे की डिक्रीनंतरही, म्हणजे घटस्फोटाचा हुकूम झाल्यावरही, अर्ज करून ताब्याचा आदेश बदलून मागता येतो. सर्वोच्च न्यायालयाने 1973 मध्येच रोझी जेकब प्रकरणात म्हटलं की असे आदेश मुळातच तात्पुरते असतात, आणि मुलाच्या हितासाठी गरज पडली तर संमतीने झालेलेही बदलता येतात. त्यामुळे 'यापुढे कोणीही कोर्टात जाणार नाही' हे तुमच्या टर्म्समधलं वाक्य मुलीच्या हिताच्या आड येऊ शकत नाही.

पण बदल कशावर मागायचा, इथे बहुतेक जण घसरतात. 'माझ्यावर अन्याय झाला, तेव्हा दबावाखाली सही केली' असं पानभर लिहून काही हाती लागत नाही. कोर्ट विचारतं, त्या आदेशानंतर मुलीच्या आयुष्यात काय बदललं? तुमच्याकडे याचं उत्तर तयार आहे. ती चारची आठ झाली. शहर बदलतंय, शाळा बदलतेय. नाशिकहून दोन तासांच्या भेटीसाठी तिला येता-जाता दिवसभर गाडीत बसवणं तिच्यासाठीच वाईट. त्याऐवजी महिन्यातून एक पूर्ण शनिवार-रविवार मुक्कामी, दिवाळीची आणि मेची अर्धी सुट्टी, मधल्या दिवसांत ठरलेल्या वेळी व्हिडिओ कॉल असं नेमकं वेळापत्रक मागा. कोण आणणार, कोण पोचवणार, कुठे, किती वाजता, हेही लिहा. मोघम अटींवरूनच पुढची भांडणं होतात, आमचीही झाली.

स्थलांतर अडवण्यावर मात्र जोर लावू नका. 2010 च्या विक्रम वीर वोहरा प्रकरणात आईला मुलासह ऑस्ट्रेलियाला जायची परवानगी मिळाली, वडिलांच्या भेटीची सोय ठेवून. नाशिक तर चार-पाच तासांवर आहे.

आधी मुलीच्या आईशी बोलून बघा. दोघांचं जुळलं तर सुधारित कन्सेंट टर्म्स दाखल करून त्यावर आदेश घ्या. व्हॉट्सॲपवर 'ठीक आहे' आलं एवढ्यावर थांबू नका. जुळलं नाही तर अर्ज करा. कौटुंबिक न्यायालयातल्या समुपदेशकांकडे पाठवलं तर तिथे मनापासून बोला, ती टाळायची पायरी नाही. भेटच नाकारली जात असेल तर मागणी वेगळी, आहे त्या आदेशाच्या अंमलबजावणीची. दोन्ही एकत्र कालवू नका.

आणि कळकळीने सांगते, पोटगी थांबवू नका. 'भेटू देत नाही, मग पैसे कशाला' हे समजण्यासारखं वाटलं तरी तो खर्च मुलीचा आहे, आणि थकबाकी घेऊन गेलात तर तुमची बाजू तिथेच लंगडी पडते. ठरलेला एकही शनिवार चुकवू नका. शाळेच्या पालकसभेला जायला आदेशाने मनाई नसेल तर जात राहा.

मुलीला काहीही शिकवून पाठवू नका. समज असलेल्या मुलाची इच्छा कोर्ट विचारात घेऊ शकतं, न्यायाधीश तिच्याशी चेंबरमध्ये एकटीशी बोलूही शकतात. पढवलेलं मूल त्यांना ओळखू येतं. शिवाय आठ वर्षांच्या पोरीवर आई की बाबा हे ओझं टाकायचंच कशाला?

वकिलांकडे जाताना डिक्री आणि कन्सेंट टर्म्सची प्रमाणित प्रत न्या. जिथे डिक्री झाली त्याच कोर्टात अर्ज करायचा की मुलगी राहते तिथे, हे त्यांना आधी विचारा. पालक आणि पाल्य कायद्याखाली गेलात तर मूल नेहमी जिथे राहतं ते ठिकाण बघतात, म्हणजे ती नाशिकला स्थिरावली की तिथे जावं लागू शकतं. मुख्य अर्जाला वेळ लागतो, म्हणून येत्या सुट्टीपुरता अंतरिम (निकाल लागेपर्यंतच्या तात्पुरत्या आदेशासाठीचा) अर्ज सोबतच द्या.