भूजलातील बेंझीन जिवाणूंनीच संपवले, हे कशावरून?

प्रश्न : जमिनीत झिरपलेले बेंझीन (पेट्रोलमध्ये असणारे विषारी रसायन) तेथील जिवाणू हळूहळू संपवतात, असे वाचनात आले. परंतु गळतीच्या जागेपासून दूरच्या विहिरीत ते कमी आढळले, तर ते नुसते पाण्यात मिसळून सौम्य झाले नसेल कशावरून?
– एक वाचक

उत्तर : आपली शंका रास्त आहे, आणि भूजल आपोआप स्वच्छ होत असल्याचा दावा केवळ घटत्या आकड्यांवर केला जातो तेव्हा ती विचारलीच पाहिजे. भूजलाबरोबर वाहताना बेंझीन अधिक पाण्यात पसरते आणि मातीच्या कणांना चिकटते. विहिरीतील प्रमाण त्यामुळे उतरते, पण त्याचा एकही रेणू नष्ट झालेला नसतो.

विघटनाची खूण उरलेल्या बेंझीनमध्येच सापडते. निसर्गातील कार्बनपैकी सुमारे ९८.९ टक्के कार्बन-१२ आणि सुमारे १.१ टक्के कार्बन-१३ असतो. ही दोन्ही समस्थानिके (एकाच मूलद्रव्याचे वेगवेगळ्या वजनाचे अणू) स्थिर, म्हणजे किरणोत्सर्ग न करणारी आहेत. जड अणूचा बंध तोडण्यास किंचित अधिक ऊर्जा लागत असल्याने जिवाणूंच्या विकरांकडून (एन्झाइम्सकडून) हलके रेणू थोडे लवकर फुटतात आणि मागे राहिलेल्या बेंझीनमध्ये कार्बन-१३ चा वाटा वाढत जातो. नुसत्या सौम्य होण्याने हे गुणोत्तर बदलत नाही. फरक इतका सूक्ष्म असतो की तो दर हजारी मोजावा लागतो. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या २००८ च्या मार्गदर्शिकेनुसार विघटन झाले असे म्हणण्यासाठी तो किमान दर हजारी २ असावा, आणि ही सावधगिरी मला आवश्यक वाटते.

या फरकावरून किती बेंझीन संपले, याचा अंदाजही बांधता येतो. समजा, विशिष्ट जिवाणूंसाठी समस्थानिक-विभाजनाचा गुणांक, म्हणजे हलके रेणू जड रेणूंपेक्षा किती लवकर फुटतात याचे माप, दर हजारी २ आहे. तर ९० टक्के बेंझीन संपल्यावर उरलेल्या बेंझीनमधील कार्बन-१३ चे कार्बन-१२ शी गुणोत्तर मूळपेक्षा दर हजारी सुमारे ४.६ ने वाढलेले दिसेल. मात्र हा गुणांक ऑक्सिजनवर जगणाऱ्या आणि ऑक्सिजनविना जगणाऱ्या जिवाणूंसाठी वेगवेगळा असतो. म्हणूनच कार्बनसोबत हायड्रोजनचीही समस्थानिके तपासतात. ऑक्सिजनविना होणाऱ्या विघटनात हायड्रोजनचा फरक बराच मोठा येतो आणि कोणती प्रक्रिया चालू आहे ते त्यावरून ओळखता येते.

याहून थेट पुरावा जर्मनीतील त्साइट्झ येथे मिळाला. तेथील जुन्या रासायनिक कारखान्याखालचे भूजल बेंझीनने दूषित झाले आहे. लाइपझिगच्या पर्यावरण संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी मुद्दाम कार्बन-१३ भरून तयार केलेले बेंझीन सच्छिद्र कणांवर शोषवले आणि ते कण निरीक्षण विहिरींत सोडून ठेवले. नंतर बाहेर काढलेल्या कणांवर वाढलेल्या जिवाणूंच्या मेदाम्लांत (पेशींतील स्निग्ध घटकांत) तोच जड कार्बन सापडला, म्हणजे जिवाणूंनी बेंझीन खाऊन त्यातून आपले शरीर घडवले होते. हे काम २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. अर्थात, तेथील जिवाणूंमध्ये ही क्षमता आहे एवढेच त्यातून ठरते; संपूर्ण जलधरात (भूजल साठवणाऱ्या थरात) विघटन किती वेगाने होते, हे नाही.

तेव्हा आपल्या परिसरातील असा अहवाल हाती आला, तर गळतीच्या जागेचे आणि प्रवाहाच्या दिशेने पुढच्या विहिरींचे समस्थानिक गुणोत्तर त्यात दिले आहे का, हे आधी पाहावे. ते नसेल, तर बेंझीन घटल्याचे कारण सांगण्यास तो अहवाल अपुरा आहे.